टॅग, टेबल आणि टंक : आरंभीच्या वेब पेजची संहिता

संगणकावरील संहितेविषयी साहित्यसिद्धांताने जी चर्चा केली, ती जवळजवळ सर्वस्वी 'दुवा' या एकाच घटकाभोवती फिरत राहिली. टेड नेल्सन यांनी १९६५ मध्ये 'हायपरटेक्स्ट' ही संज्ञा वापरात आणली आणि जॉर्ज लँडो यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात बार्थ व देरिदा यांच्या संहिताविषयक विचाराशी तिची सांगड घातली. एका संहितेतून दुसऱ्या संहितेत जाणारा वाचक आपला मार्ग आपणच ठरवतो, लेखकाची सत्ता ढळते, केंद्र नाहीसे होते, असे प्रतिपादन त्यानंतर दशकभर होत राहिले; आपल्याकडील चर्चासत्रांतही ते काहीसे उशिरा उमटले. मात्र हा दुवा ज्या पृष्ठावर बसतो ते पृष्ठ प्रत्यक्षात कसे रचले जात होते, याची चौकशी या प्रतिपादनात क्वचितच आढळते. ती केली असता १९९० ते २००० या दशकाचा इतिहास उलट दिशेने जाताना दिसतो. पृष्ठाचे जे रूप प्रारंभी वाचकाच्या हाती होते, ते रचनाकाराने क्रमाक्रमाने आपल्याकडे घेतले. मराठी पृष्ठाच्या बाबतीत तर याहून विलक्षण गोष्ट घडली : डोळ्यांना दिसणारे रूप मराठी होते आणि त्याखालची संहिता मराठी नव्हतीच.

जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये मांडलेला प्रस्ताव हा संस्थेतील माहिती हरवू नये, एवढ्या व्यावहारिक गरजेतून आलेला होता. १९९० च्या अखेरीस नेक्स्ट संगणकावर त्यांनी जो पहिला ब्राउझर तयार केला, तो वाचण्याचे आणि लिहिण्याचे अशी दोन्ही कामे करीत असे. पुढे लोकप्रिय झालेल्या ब्राउझरांतून यातील लेखनाचा भाग बहुतांशी गळून पडला, ही गोष्ट वाचकाच्या स्वातंत्र्याविषयी बोलणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवी होती. १९९१ मधील एचटीएमएलच्या पहिल्या वर्णनात अवघे अठरा टॅग होते : शीर्षक, सहा पायऱ्यांचे मथळे, परिच्छेद, याद्या, पत्ता, दुवा आणि असेच काही. अमुक मजकूर लाल करावा, मध्यभागी घ्यावा, अमुक आकारात दाखवावा, असे सांगण्याची सोय त्यांत नव्हती.

हे दारिद्र्य नव्हते, ती एक भूमिका होती. एचटीएमएलचा मूळ पुरुष एसजीएमएल. १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता पावलेली ही पद्धती १९६९ च्या सुमारास आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी यांनी केलेल्या कामातून वाढली. तिचे मर्म छापखान्याच्या व्यवहारातून चटकन समजते. छपाईस जाणाऱ्या हस्तलिखिताच्या समासात संपादक 'हा मथळा' असे लिहू शकतो किंवा 'अठरा पॉइंट, ठळक' असे लिहू शकतो. पहिली खूण मजकूर काय आहे ते सांगते, दुसरी तो कसा दिसावा ते सांगते. पहिली खूण केलेले हस्तलिखित उद्या दुसऱ्या छापखान्यात, दुसऱ्या टंकात गेले तरी त्याचा अर्थ ढळत नाही. दुसरी खूण त्या छापखान्यापुरतीच खरी. आरंभीचे वेब पेज पहिल्या प्रकारच्या खुणांनी रचलेले होते आणि मथळा किती मोठा दिसावा, ओळ किती रुंद असावी, हे वाचकाचा ब्राउझर ठरवीत असे. कॅन्सस विद्यापीठात १९९२ मध्ये तयार झालेला लिंक्स हा ब्राउझर तर केवळ अक्षरेच दाखवीत असे. त्याच्यावर वाचलेले पृष्ठ आणि नेक्स्टच्या पडद्यावर वाचलेले पृष्ठ यांत दृश्य साम्य जवळजवळ नसे, तरीही संहिता तीच होती. रूप आणि आशय यांच्या अद्वैताचा आग्रह धरणाऱ्या आपल्या नवसमीक्षेला हा विचार पचला नसता. कवितेच्या बाबतीत तो अपुरा आहे, हेही मान्य केले पाहिजे; ओळ कोठे तुटते हा प्रश्न कवितेत दृश्य आणि अर्थगत असा दोन्ही असतो. तथापि संहिता टिकण्याच्या दृष्टीने त्याचे मोल वेगळे आहे.

या भूमिकेला पहिला तडा १९९३ मध्ये गेला. इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए या केंद्रात मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी मोझॅक हा ब्राउझर विकसित केला. मजकुराच्या मध्येच चित्र दाखवणारा टॅग असावा, असा प्रस्ताव अँड्रीसन यांनी त्या वर्षीच्या फेब्रुवारीत मांडला. कोणत्याही प्रकारचा बाह्य आशय आत घेणारा अधिक व्यापक टॅग असावा, असे इतर काहींचे म्हणणे होते. वाद सुरू असतानाच मोझॅकमध्ये चित्राचा टॅग आला आणि प्रश्न निकालात निघाला. चर्चेने न सुटलेला प्रश्न वापराने सोडवण्याची ही रीत पुढे नेहमीचीच झाली.

१९९४ च्या अखेरीस आलेल्या नेटस्केपने मजकूर मध्यभागी घेणारा, अक्षराचा आकार ठरवणारा आणि मजकूर लुकलुकवणारा असे टॅग आणले. मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरने त्याला सरकत्या मजकुराच्या 'मार्की'ने उत्तर दिले. लुकलुकणे आणि सरकणे यांची पुढे यथेच्छ टिंगल झाली. पण खरे परिवर्तन घडवले ते टेबलाने. १९९५ मध्ये नेटस्केपमध्ये आलेले टेबल हे आकडेवारीसाठी, म्हणजे ओळी आणि रकाने यांच्यात काही तार्किक संबंध असलेल्या माहितीसाठी होते. त्याच्या रेघांची जाडी शून्य केली की एक अदृश्य सांगाडा मिळतो आणि त्यात वर्तमानपत्रासारखे स्तंभ, बाजूची पट्टी, वरचा मथळा हे सारे हवे तेथे बसवता येते, हे रचनाकारांच्या लवकरच लक्षात आले. टेबलाच्या घरात दुसरे टेबल, त्याच्या घरात तिसरे. मोकळी जागा हवी असेल तेथे एका बिंदूची पारदर्शक जीआयएफ प्रतिमा घालून ती हवी तेवढी ताणायची. ही युक्ती डेव्हिड सीगल यांच्या १९९६ मधील 'क्रिएटिंग किलर वेब साइट्स' या पुस्तकाने सर्वदूर नेली. पुढच्याच वर्षी याच सीगल यांनी लेख लिहून वेबच्या बिघाडाचा दोष स्वतःच्या पदरी घेतला, हे त्यांच्या प्रामाणिकपणाला शोभणारे होते. या रचनेत पृष्ठाचा वाचनक्रम आणि त्याचा दृश्यक्रम यांची फारकत होते. पृष्ठ ऐकून वाचणाऱ्या अंध वाचकाला मजकूर टेबलाच्या घरांच्या क्रमाने ऐकू येतो. वृत्तांताच्या मध्येच जाहिरात, ओळीच्या अध्यात ना मध्यात विषयसूची. १९९९ च्या मे महिन्यात सुगम्यतेची पहिली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांत टेबलाच्या या वापराची दखल घ्यावी लागली.

यावरचा उपाय तोवर कागदावर आलेला होता. होकून विउम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये शैलीपत्रकांचा प्रस्ताव मांडला; बर्ट बोस यांच्या साहाय्याने विकसित झालेली सीएसएसची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये मान्य झाली. मूळ प्रस्तावात एक फार सुंदर कल्पना होती. रचनाकाराची इच्छा आणि वाचकाची इच्छा यांना टक्केवारीने वजन देऊन दोहोंच्या तडजोडीतून पृष्ठाचे रूप ठरावे. लेखकाच्या मृत्यूची घोषणा करण्यापेक्षा त्याच्याशी केलेला हा हिस्सेवाटपाचा करार अधिक विचारार्ह वाटतो. टक्केवारी अंतिम रूपात राहिली नाही. वाचकाच्या शैलीपत्रकाची तरतूद तेवढी उरली, आणि ती वापरणारा सामान्य वाचक प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही.

व्यक्तिगत पृष्ठांच्या सजावटीविषयी, म्हणजे फिरत्या गोलांविषयी, 'काम चालू आहे' अशा पाट्यांविषयी, भेटींच्या आकड्यांविषयी आणि अभिप्रायवह्यांविषयी, अलीकडे स्मरणरंजनाच्या सुरात पुष्कळ लिहिले जाते. त्यात येथे शिरण्याचे कारण नाही. एवढे मात्र नोंदवले पाहिजे की, ही पृष्ठे रचणारे बहुतेक लोक दुसऱ्याच्या पृष्ठाचा मूळ मजकूर उघडून, त्याची नक्कल करून शिकले. पोथीच्या नकलेत लेखनिकाचे प्रमाद जसे पुढच्या प्रतीत उतरतात, तसेच येथेही एका पृष्ठावरील निरर्थक टॅग दहा पृष्ठांत उतरले. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हे घराणे लावण्याचे उत्तम साहित्य ठरले असते. जिओसिटीजवरील अशा पृष्ठांचा मोठा साठा ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झाला. काहींनी धावपळ करून जे उतरवून घेतले, तेवढेच वाचले.

आता मराठीकडे वळू. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एचटीएमएलची दुसरी आवृत्ती मानक म्हणून नोंदली गेली. तिचा अक्षरसंच पश्चिम युरोपीय भाषांचा होता. त्यात देवनागरीला घर नव्हते. वास्तविक देवनागरीचा प्रश्न तत्त्वतः सुटलेला होता. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये इस्की ही संकेतप्रणाली मान्य केली होती, तिच्या १९८८ च्या रूपावर आधारलेला देवनागरीचा विभाग युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत आलेला होता, आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये जिस्टचे काम चालू होते. पण घरोघरच्या संगणकांना आणि ब्राउझरांना यातले काही ठाऊक नव्हते.

मग मराठी पृष्ठ रचले कसे? एक मार्ग चित्राचा. मजकूर आयट्रान्ससारख्या पद्धतीने रोमन अक्षरांत लिहायचा, त्याचे देवनागरी रूप सिद्ध करायचे आणि ते जीआयएफ चित्र म्हणून पृष्ठावर लावायचे. हा शिळाछापच होय. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर पंचांग छापले, तेव्हा दगडावर उमटले ते अक्षराचे चित्र, सुटा खिळा नव्हे. मात्र शिळाछाप वाचणाऱ्यासमोर अक्षर तरी होते; जीआयएफ वाचणाऱ्या यंत्रासमोर रंगीत बिंदूंखेरीज काहीच नव्हते.

दुसरा मार्ग टंकाचा, आणि बहुसंख्य मराठी पृष्ठे त्याच मार्गाने गेली. शिवाजीसारखा फाँट घेतला, तर त्यात रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. एका घरात अर्धा म, दुसऱ्यात काना, तिसऱ्यात वेलांटी. पृष्ठावर लिहिलेली असत ती रोमन अक्षरेच. त्यांच्याभोवती 'फाँट'चा टॅग घालून, वाचकाच्या संगणकावर तो फाँट असल्यास त्याच रूपात दाखवावे, असे सांगितलेले असे. यात दोन गोष्टी घडत. अक्षर ही वस्तूच नाहीशी होऊन त्याचे आकारखंड उरत. आणि ते उच्चारक्रमाने न लागता डोळ्याला दिसतात त्या क्रमाने लागत. 'किती' या शब्दात ऱ्हस्व वेलांटी क च्या आधी लिहिली जाई, कारण ती डावीकडे दिसते. शोध घ्यावा तर काही सापडत नसे, अकारविल्हे लावावे तर रोमन वर्णक्रम लागे. प्रत्येक फाँटची घरे वेगळी. श्रीलिपीतील मजकूर आकृतीच्या फाँटमध्ये उघडला की अक्षरांची दंगल. १९९७ मध्ये नेटस्केप आणि इंटरनेट एक्स्प्लोरर यांनी, एकमेकांशी न जुळणाऱ्या पद्धतींनी, पृष्ठाबरोबरच फाँट पाठवण्याची सोय केली आणि भारतीय भाषांतील अनेक दैनिकांनी ती स्वीकारली. त्यामुळे वाचकाची अडचण कमी झाली. संहिता होती तशीच राहिली.

महानुभावांच्या सकळ लिपीची येथे आठवण होते. वर्णांच्या जागी वर्ण घालून लिहिलेल्या त्या पोथ्या किल्ली नसणाऱ्याला शतकानुशतके अगम्य राहिल्या आणि राजवाड्यांनी किल्ली शोधल्यावर वाङ्मयाचे एक दालन उघडले. महानुभावांनी लिपी हेतुपूर्वक गुप्त केली होती. आपण ती नकळत केली, आणि एक किल्ली न ठेवता प्रत्येक फाँटगणिक निराळी ठेवली.

याच संदर्भात १८ डिसेंबर १९९७ ही तारीख महत्त्वाची ठरते. त्या दिवशी मान्य झालेल्या एचटीएमएलच्या चौथ्या आवृत्तीने दोन निर्णय एकत्र केले. एकीकडे युनिकोडशी जुळणारा जागतिक अक्षरसंच पृष्ठाचा पाया म्हणून स्वीकारला, म्हणजे देवनागरीला तत्त्वतः घर दिले; दुसरीकडे 'फाँट' हा टॅग, तो केवळ रूपाचा म्हणून, त्याज्य ठरवला. शुद्धिवाद्यांच्या दृष्टीने हा टॅग शृंगाराचा होता. मराठी पृष्ठ मात्र त्याच्यावरच उभे होते. तो काढला की मराठीचा मागमूसही उरत नसे. रूप आणि संहिता यांची फारकत करावी, हे तत्त्व निर्विवाद बरोबर होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. परंतु ज्या भाषेला संहिताच नाकारली गेली होती, तिने रूपाला चिकटून राहावे, यात तिचा दोष नव्हता. फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० ने मंगल या फाँटसह देवनागरीची जोडाक्षरे नीट दाखवायला प्रारंभ केला, तरी जुने फाँट पुढे कित्येक वर्षे चालू राहिले. मराठीला अत्यावश्यक असलेला 'ॲ' हा वर्ण तर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ मध्ये आला.

विद्यार्थिदशेत प्रस्तुत लेखकाने काही मराठी कवितांची पृष्ठे फ्लॉपीवर उतरवून ठेवली होती. काही वर्षांपूर्वी ती उघडली तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरांचा चुरा दिसला. रूपांतर करणाऱ्या एका प्रणालीतून तो मजकूर काढला असता तो बव्हंशी शुद्ध आला. मात्र त्या फाँटमधील अर्ध्या 'ऱ'चा तुकडा प्रणालीने रफार म्हणून वाचला होता, आणि डोंगरांवरच्या एका कवितेत जेथे 'दऱ्या' होत्या तेथे सर्वत्र 'दर्या' पसरलेला होता. कविता अपरिचित असती तर हा पाठभेद ध्यानात आला नसता. समुद्राची प्रतिमा म्हणून त्याचे विवेचनही करता आले असते.