हायवेवर स्टिअरिंग थरथरतंय? नेमकं कारण कसं ओळखायचं?

शहरात गाडी अगदी मस्त चालते. पण हायवेला लागलो आणि काटा ८० च्या पुढे गेला की स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं. वेग थोडा आणखी वाढवला तर कधी कधी थरथर कमी होते, म्हणून आपण दुर्लक्ष करतो. मग कुणीतरी सांगतं, "अलाइनमेंट करून घे." आपण करून घेतो, पैसे जातात आणि पुढच्या ट्रिपला पुन्हा तेच.

मित्रांनो, ही थरथर उगाच होत नसते. ती कोणत्या वेगाला येते, कुठे जाणवते आणि काय केल्यावर वाढते, एवढं नीट पाहिलं तर कारण बऱ्यापैकी कळतं. गॅरेजला जाण्याआधी हे तुम्हाला माहीत असेल तर चुकीच्या कामाचे पैसे वाचतात. काही वेळा तर प्रश्न पैशांचा नसून जीवाचा असतो. म्हणून सुरुवात तिथूनच करूया.

गाडी लगेच कधी थांबवायची?

खालीलपैकी काहीही असेल तर "घरी पोहोचून बघू" असं म्हणू नका:

- थरथर अचानक सुरू झाली आणि दर मिनिटाला वाढतेय.
- नुकतंच चाक काढून बसवलंय (पंक्चर, स्टेपनी, नवे टायर) आणि त्यानंतर गाडी हलतेय किंवा टकटक आवाज येतोय. चाकाचे नट सैल असू शकतात.
- टायरच्या बाजूला फुगा आलाय. खड्ड्यात आपटल्यावर टायरच्या आतले धागे तुटतात आणि हवा तिथे बाहेर दाब देते. असा टायर कधीही फुटू शकतो. त्याची दुरुस्ती होत नाही, तो बदलावाच लागतो.
- स्टिअरिंग एका बाजूला जोरात ओढतंय किंवा सैल वाटतंय.

अशा वेळी जोरात ब्रेक दाबू नका. अॅक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढा, इंडिकेटर द्या, डावीकडे सुरक्षित जागी थांबा आणि हजार्ड लाइट लावा. नट सैल असतील तर पान्याने एकाआड एक, समोरासमोरचे असे घट्ट करा. नटाचं किंवा बोल्टचं भोक झिजून लांबट झालं असेल तर त्या चाकावर गाडी पुढे नेऊ नका, टोइंग बोलवा. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर मदतीसाठी १०३३ हा नंबर आहे.

कमी वेगाला काहीच नाही, मग ८० नंतरच का?

१८५/६५ आर१५ हा टायर घ्या. त्याचा घेर साधारण १.९५ मीटर. ताशी १०० किमी वेगाला हे चाक सेकंदाला १४ वेळा फिरतं. आता रिमच्या एका बाजूला फक्त ३० ग्रॅम वजन जास्त आहे असं समजा. फिरताना ते वजन चाकाला बाहेरच्या दिशेने ओढतं. १०० च्या वेगाला ही ओढ साधारण साडेचार ते पाच किलो वजनाइतकी होते, तीही सेकंदाला १४ वेळा दिशा बदलत! वेग निम्मा केला की ओढ पावपट होते. म्हणून ५० ला काही कळत नाही.

दुसरं कारण झोपाळ्यासारखं आहे. योग्य वेळी धक्का दिला की झोपाळा उंच जातो. तसंच गाडीच्या सस्पेन्शनची आणि स्टिअरिंगची हलण्याची स्वतःची एक लय असते. चाकाचे धक्के त्या लयीला जुळले की थरथर सगळ्यात जास्त जाणवते. वेग त्याच्या पुढे गेला की लय सुटते आणि स्टिअरिंग शांत होतं. पण बिघाड गेलेला नसतो. चाकावरचा ताण उलट वाढलेला असतो.

स्वतःला विचारायचे तीन प्रश्न

१. थरथर कुठे जाणवते? स्टिअरिंगमध्ये जास्त असेल तर बहुतेक वेळा दोष पुढच्या चाकांत असतो. सीटमध्ये आणि पायाखाली जास्त असेल तर आधी मागची चाकं बघायची.

२. कधी जाणवते? ठराविक वेगाला, फक्त ब्रेक दाबल्यावर की फक्त अॅक्सिलरेटर दिल्यावर? निदानाचा अर्धा भाग इथेच होतो.

३. कशानंतर सुरू झाली? मोठा खड्डा, नवे टायर, नवे अलॉय, पंक्चर, चिखलातला प्रवास की गाडी महिनाभर उभी होती?

लक्षणावरून कारण

ठराविक वेगाला, साधारण ८० ते ११० मध्ये: चाकाचं बॅलन्सिंग बिघडलेलं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. रिमला लावलेलं छोटं वजन पडलेलं असतं. अलॉयवर ही वजनं आतून चिकटवलेली असतात, ती निघाली तरी लक्षात येत नाही. तिथे चिकटपट्टीचा चौकोनी डाग दिसतोय का पाहा.

पावसाळ्यात किंवा शेतरस्त्यावरून आल्यावर: रिमच्या आतल्या बाजूला चिखल वाळून बसलेला असतो. कोकणातली लाल माती असो की काळी माती, तेवढ्या वजनानेही चाक हलतं. आधी चाकं आतून पाणी मारून धुवा. निम्म्या वेळा खर्च तिथेच वाचतो असं नाही, पण ही तपासणी फुकट आहे.

मोठ्या खड्ड्यानंतर: रिम वाकलेली असू शकते किंवा टायर आतून खराब झालेला असू शकतो. बॅलन्सिंग मशीनवर चाक फिरताना समोर उभे राहा. चाक वर-खाली किंवा डावी-उजवीकडे लचकताना दिसलं तर नुसती वजनं लावून उपयोग नाही.

फक्त ब्रेक दाबल्यावर: पुढच्या ब्रेक डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. ब्रेक पेडलही पायाखाली धडधडतं. घाट उतरताना सतत ब्रेक धरून ठेवल्याने डिस्क खूप तापतात, त्यातून हा त्रास वाढतो. घाटात खालच्या गिअरमध्ये उतरायची सवय ठेवा. मात्र अगदी जोरात ब्रेक मारल्यावर पेडल टकटक करत असेल तर ते एबीएसचं काम आहे, बिघाड नाही.

फक्त अॅक्सिलरेटर दिल्यावर, पाय काढला की बंद: ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट किंवा इंजिन माउंटिंग तपासायला सांगा.

घूं-घूं आवाजासोबत, वळणावर आवाज बदलतो: व्हील बेअरिंगवर संशय घ्या.

बाहेरून अलॉय बसवल्यानंतर: अलॉयचं मधलं भोक गाडीच्या हबपेक्षा मोठं असेल तर चाक नेमकं मध्यावर बसत नाही. कितीही बॅलन्सिंग केलं तरी थरथर राहते. मापाची हब रिंग बसवून हे सुटतं.

गाडी बरेच दिवस उभी होती: टायर खालून थोडा चपटा होतो. हवा नीट भरून काही किलोमीटर चालवल्यावर, टायर गरम झाल्यावर बहुतेक वेळा थरथर जाते. गेली नाही तर टायर तपासा.

बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट एकच नाही

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. बॅलन्सिंग म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं. ते बिघडलं की गाडी थरथरते. अलाइनमेंट म्हणजे चाकं योग्य कोनात आणणं. ते बिघडलं की गाडी एका बाजूला ओढते, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं राहतं आणि टायर एका कडेने झिजतो. म्हणून नुसती थरथर असेल तर आधी बॅलन्सिंग सांगा.

घरी करता येणाऱ्या चाचण्या

हवा: टायर थंड असताना चारही चाकांची हवा तपासा. बरोबर आकडा ड्रायव्हरच्या दारावरच्या स्टिकरवर असतो.

गिअर बदलून पाहा: मोकळ्या रस्त्यावर त्याच वेगाला एकदा चौथ्या आणि एकदा पाचव्या गिअरमध्ये चालवा. इंजिनचा वेग बदलूनही थरथर तशीच राहिली तर दोष चाकांकडे आहे. बदलली तर इंजिनकडे बघा.

चाकं बदलून पाहा: एकाच बाजूचं पुढचं आणि मागचं चाक आपापसात बदला. थरथर स्टिअरिंगमधून सीटकडे गेली तर त्याच चाकात दोष आहे. तसं काही झालं नाही तर दुसऱ्या बाजूची जोडी बदलून पाहा.

मोबाईल वापरा: फायफॉक्स हे जर्मनीतल्या आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाने बनवलेलं मोफत अॅप आहे. फोनमधला अॅक्सेलरोमीटर वापरून ते सेकंदाला किती वेळा कंप होतो याचा आलेख दाखवतं. फोन शेजारच्या सीटपुढे फ्लोअरवर घट्ट बसवा आणि आलेख शेजारी बसलेल्यानेच बघायचा. १०० च्या वेगाला १४ च्या आसपास उंच टोक आलं तर चाक दोषी. २५०० आरपीएमला इंजिन सेकंदाला साधारण ४२ वेळा फिरतं, त्यामुळे इंजिनचं टोक वेगळ्या ठिकाणी दिसतं. यातून कोणतं चाक ते मात्र कळत नाही.

चाचणी करताना वेगमर्यादा पाळा. समृद्धी महामार्गावर कारसाठी कमाल १२० आहे, म्हणून खराब टायरवर १२० गाठायचे नाहीत.

गॅरेजमध्ये काय सांगायचं?

"गाडी हलते" एवढंच सांगू नका. असं सांगा: "९० ला स्टिअरिंग थरथरतं, ब्रेकचा संबंध नाही, मागच्या आठवड्यात खड्ड्यात आपटली होती." मग चारही चाकं मशीनवर तुमच्यासमोर तपासायला सांगा. बॅलन्सिंग झाल्यावर मशीनने दोन्ही बाजूंना शून्य दाखवायला हवं. चाकं बसवल्यावर नट टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे घट्ट करून घ्या. ५० ते १०० किमी चालवल्यावर ते पुन्हा एकदा तपासा. बॅलन्सिंग करूनही फरक पडला नाही तर टाय रॉड एंड, बॉल जॉइंट आणि बेअरिंगमध्ये प्ले आहे का, हे गाडी उचलून बघायला सांगा.

थोडक्यात, क्रम लक्षात ठेवा: आधी नट आणि टायर डोळ्यांनी पाहा, मग हवा आणि चिखल, मग बॅलन्सिंग, आणि शेवटी बाकीचे पार्ट. लांबच्या ट्रिपला निघण्याआधी चाकांभोवती एक चक्कर मारा. दोन मिनिटं लागतात, आणि टायरचा फुगा रस्त्यात सापडण्याऐवजी पार्किंगमध्येच सापडतो.