घर बसवणाऱ्याच्या खिशात कोणता कागद असतो?

मंडळी, पोस्ट मोठी आहे, पण विषय आपल्याच तालुक्यांचा आहे. सवडीने वाचा.

कोंडाण्याच्या लेण्यांवर पावसाळ्यात केवढी गर्दी होते ते तुम्हाला सांगायला नको. लोक येतात, लेण्यावरून पडणाऱ्या पाण्याखाली फोटो काढतात आणि जातात. चैत्याच्या दर्शनी भागाजवळ एका मोठ्या भग्न मूर्तीच्या डोक्याशी ब्राह्मी अक्षरांत एक छोटी ओळ कोरलेली आहे, ती मात्र फारसं कुणी बघत नाही. ओळीचा अर्थ एवढाच, की हे काम कान्हाचा अंतेवासी बलक याने केलं. अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहून शिकलेला. दोन हजार वर्षांहून जुनी गोष्ट आहे ही. लेणी खोदायला पैसे कुणी दिले हे सांगणारे लेख आपल्याकडे खूप आहेत. कार्ल्याला, जुन्नरला, नाशिकला दात्यांची नावं ढिगाने सापडतात. पण काम करणाऱ्याने स्वतःचं नाव आणि कुणाकडे शिकलो त्याचं नाव, दोन्ही लिहून ठेवावं, हे दुर्मीळ. पितळखोऱ्याला यक्षाच्या मूर्तीवर एका सोनाराने असंच नाव कोरलंय. आपल्याकडे बलक आहे.

मी त्या ओळीला आपल्या तालुक्याचं सगळ्यात जुनं कारागीर प्रमाणपत्र म्हणतो. कारागीर कोण, शिकला कुठे, काम कोणतं, तिन्ही गोष्टी त्यात आहेत. आणि काम तरी कसं? कोंडाण्याचा दर्शनी भाग नीट बघा. कमानी, तुळया, कठडे, सगळी लाकडी घराची नक्कल दगडात केलेली. लाकडाचं घर कसं उभं राहतं हे ठाऊक असल्याशिवाय ही नक्कल कुणाला जमणार नाही.

आता एकदम आजच्या काळात येतो, कारण मुद्दा आजचा आहे. आपल्या कर्जत-खालापुरात गेल्या दहा-पंधरा वर्षांत घर बांधण्याची एक नवी तऱ्हा आलीय. घर कारखान्यात तयार होतं, ट्रेलरवर येतं, क्रेनने उतरतं आणि दोन-चार दिवसांत बसतं. कंटेनरची घरं, प्रीफॅब कॉटेज, फार्महाउसवरच्या केबिन. नेरळपासून खोपोलीपर्यंत कुठल्याही रस्त्याला लागा, एखादं तरी दिसेल. हे घर बनवणारा वेगळा, विकणारा वेगळा आणि जागेवर बसवणारा तिसराच. मला या तिसऱ्या माणसाबद्दल बोलायचंय. पाया सपाट आहे का, पाणी कुठून वाहणार, घर जमिनीला कशाने बांधलंय, वाऱ्याने उचललं जाईल का, हे सगळं त्याच्या हातात असतं. आणि त्याला हे काम येतं, असं सांगणारा एकही सरकारी कागद त्याच्याकडे असावा लागत नाही.

गंमत बघा. त्याच घरात वायरिंग करायचं तर कायद्याने परवानाधारक वायरमन लागतो, ठेकेदाराला लायसन्स लागतं, मुदत संपली की नूतनीकरण करावं लागतं. आर्किटेक्टची नोंदणी १९७२ च्या कायद्यापासून आहे. प्रीफॅबच्या नव्या तंत्रालाही केंद्राच्या बीएमटीपीसीकडून प्रमाणपत्र घेता येतं, पण ते पॅनेलचं आणि पद्धतीचं. पॅनेल बसवणाऱ्या हाताचं नाही.

जुन्या काळी गावात हा प्रश्न येत नव्हता. सुतार, लोहार बलुतेदारीत. सुताराच्या पोराने बापाच्या हाताखाली वाशे तासले की अख्खं गाव त्याचा साक्षीदार. (बलुतेदारीचं मी कौतुक करत नाहीये बरं का. जातीबाहेरच्याला तो धंदा शिकायची वाटच नव्हती, हे त्याच व्यवस्थेचं दुसरं अंग.) ठाकर, कातकरी वाड्यांमध्ये तर कारवीच्या कुडाचं घर सगळे मिळून उभारत. घर वाकडं झालं तर कुणाला विचारायचं, ते सगळ्यांना माहीत असायचं.

हे नातं तुटलं ते ठेकेदारीने, आणि आपल्याकडे त्याची सुरुवात बोरघाटात झाली. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि घाटाचं काम निघालं. पहिला ठेकेदार फॅव्हिएल. त्याच्याखाली पोटठेकेदार, त्यांच्याखाली मुकादम, आणि तळाशी हजारो मजूर. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगल झाली, चौकशी लागली, फॅव्हिएल काम सोडून गेला. नंतर सॉलोमन ट्रेडवेल आला आणि थोड्याच दिवसांत आजारपणाने वारला. काम त्याच्या बायकोने, ॲलिसने, पुढे नेलं. ऐन भरात चाळीस हजारांहून जास्त माणसं तिथे राबत होती. २१ एप्रिल १८६३ ला घाट खुला झाला. फॅव्हिएल, ट्रेडवेल, ॲलिस ही नावं पुस्तकांत आहेत. ज्यांनी सुरुंगाची भोकं पाडली, कमानी बांधल्या, त्यांतल्या एकाचंही नाव कमानीवर नाही. दंगलीनंतर १८६० मध्ये मालक-मजूर तंट्यांसाठी कायदा आला खरा. त्याचा विषय मजुरी आणि करार. कारागिराच्या हुनराची नोंद कुठे व्हावी, हा विचार तेव्हाही कुणी केला नाही.

पुढची सव्वाशे वर्षं भरभर ओलांडतो. १९९६ मध्ये संसदेने बांधकाम कामगारांसाठी दोन कायदे केले, एक सेवाशर्तींचा आणि एक उपकराचा. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर घ्यायचा आणि तो कामगारांच्या कल्याणासाठी वापरायचा. आपल्या राज्याचे नियम २००७ चे, आणि कल्याणकारी मंडळ २०११ मध्ये आलं. अठरा ते साठ वयाचा, वर्षभरात किमान ९० दिवस बांधकामावर राबलेला कामगार तिथे नोंदणी करू शकतो. दरवर्षी नूतनीकरण. मुलांना शिष्यवृत्ती, कामावर मृत्यू झाला तर वारसाला ५ लाख, भांड्यांचा संच, सुरक्षा संच, हे तुम्ही ऐकलेलं असेलच. साचेबद्ध काँक्रीटचं काम, लोखंडी खिडक्या-दारं बनवणं आणि बसवणं, अशी कामं मंडळाच्या यादीत आहेत, म्हणजे आपला घर बसवणारा फिटर किंवा वेल्डर इथे बसतो.

ही योजना मी चांगलीच मानतो. पण त्या कागदावर काय लिहिलेलं असतं ते बघा. माणूस ९० दिवस कामावर होता, एवढंच. तो कुणाकडे शिकला, काय शिकला, त्याने बसवलेलं घर उभं आहे का, यातलं काहीही त्यात नाही. तो दाखला ठेकेदाराने द्यायचा किंवा ग्रामसेवकाने. ठेकेदार म्हणतो, कशाला उगाच सही, उद्या उपकराची नोटीस आली तर? ग्रामसेवक म्हणतो, मी याला काम करताना पाहिलेलं नाही, मी कशी सही करू? दोघांचीही अडचण खरी आहे. मग मधला एजंट जन्माला येतो. ज्याने आयुष्यात थापी धरली नाही त्याचं कार्ड चालू, आणि दिवसभर वेल्डिंग करणाऱ्याचं नूतनीकरणावाचून बंद, हे चित्र आपल्याला नवीन नाही.

हुनराचा कागद अजिबातच नाही असंही नाही. घरकुल योजनेत ग्रामीण गवंड्याचं ४५ दिवसांचं प्रशिक्षण आहे, खऱ्या घरावर काम करून शिकायचं, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात गवंड्यांना भूकंपाला टिकणाऱ्या बांधकामाचं शिक्षण दिलं गेलं होतं, तेही असंच आपत्तीतून सुचलेलं शहाणपण. पण हे सगळं विटा-सिमेंटच्या घरासाठी. ट्रेलरवरून येणाऱ्या घरासाठी काही नाही.

यावर कुणी म्हणेल, फार्महाउसवाल्यांची केबिन कलली तर कलली, आपल्याला काय त्याचं? मलाही आधी तसंच वाटायचं. मग १९ जुलै २०२३ ची रात्र आली. इर्शाळवाडी. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं सापडलीच नाहीत, २३ तारखेला शोध थांबवावा लागला. वाचलेल्या लोकांना आधी चौकच्या मंदिरात आणि मग कंटेनरच्या घरांत ठेवलं. पुढच्या वर्षीचा जुलै आला तरी ती माणसं कंटेनरमध्येच होती. सिडकोची पक्की घरं नंतरची. त्याआधी आपल्याच जिल्ह्यात, महाड तालुक्यात तळियेला २२ जुलै २०२१ ला दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसं गेली, आणि तिथेही आधी कंटेनर. म्हणजे कारखान्यातलं घर आता हौसेची चीज राहिलेली नाही. दरडीतून वाचलेल्या माणसाच्या डोक्यावर येणारं पहिलं छप्पर ते आहे. सह्याद्रीच्या पायथ्याला पुन्हा कधी लागेल सांगता येत नाही. घाईघाईत, भर पावसात, ओल्या जमिनीवर ते बसवायचं असतं, आणि तेव्हाच बसवणारा जाणकार हवा असतो.

अमेरिकेत अशा घरात लाखो कुटुंबं राहतात, म्हणून त्यांचा हिशेब बघितला. १९७४ मध्ये कायदा झाला, १९७६ पासून कारखान्यातल्या घराचे दर्जे ठरले. पण घर कारखान्यात चांगलं असून जागेवर वाईट बसवलं तर काय? १९९२ च्या अँड्र्यू वादळात फ्लोरिडात अशी घरं हजारोंनी उडाली. १९९४ मध्ये वाऱ्याचे नियम कडक केले, आणि २००० च्या कायद्याने बसवणाऱ्यालाच परवान्यात आणलं. ज्या राज्यांचा स्वतःचा कार्यक्रम नाही तिथे केंद्राचं गृहनिर्माण खातं परवाना देतं. त्यासाठी घरं बसवण्याचा १,८०० तासांचा अनुभव किंवा त्याच्या तोडीचं काही, १२ तासांचं प्रशिक्षण, परीक्षा, आणि नुकसान भरून देण्यासाठी जामीन किंवा विमा. परवाना तीन वर्षांचा. नूतनीकरणाला पुन्हा ८ तास शिकायचं. बसवलेल्या प्रत्येक घरासाठी, नियमाप्रमाणे बसवलंय असं त्याने लिहून द्यायचं.

आपले ९० दिवस म्हणजे आठ तासांच्या हिशेबाने ७२० तास. तुलना तासांची करायचीच नाही मला, कारण आपला कागद कल्याणाचा आहे आणि त्यांचा जबाबदारीचा. फरक नूतनीकरणात आहे. आपल्याकडे नूतनीकरण म्हणजे पुन्हा तोच दाखला, पुन्हा तीच सही. त्यांच्याकडे नूतनीकरण म्हणजे मधल्या काळात नवीन काय शिकलास ते दाखव. तसलं जाडजूड लायसन्स आपल्यावर जसंच्या तसं लादावं असं मी म्हणणार नाही. परीक्षेची फी आणि विम्याचा हप्ता आला की पहिला बाहेर पडेल तो आपलाच वाडीवरचा पोरगा, आणि काम जाईल शहरातल्या कंपनीकडे. पण घरकुलाच्या गवंड्यासारखा एक छोटा अभ्यासक्रम कंटेनर आणि प्रीफॅब बसवण्यासाठी का असू नये? क्रेनखाली कसं उभं राहायचं, पाया कसा तपासायचा, घर जमिनीला कसं जखडायचं. तो केला की मंडळाच्या कार्डावरच नोंद, आणि काही वर्षांनी उजळणी.

हे व्हायला सरकार हलावं लागेल. तोपर्यंत दोन गोष्टी आपल्या हातातल्या. ग्रामपंचायतीत कॉटेजच्या नाहरकतीचा विषय आला की सदस्यांनी एक प्रश्न विचारा: बसवणारा कोण? त्याचं नाव, गाव आणि बसवल्याची तारीख नोंदवहीत लिहून घ्या. आणि हे काम करणाऱ्या आपल्या पोरांनो, ज्याची मंडळाची नोंदणी आहे त्याने कार्डावरची तारीख आजच बघा. आधार, बँक पासबुक आणि ९० दिवसांचा दाखला तयार ठेवा. दाखल्यावर काम चालू असतानाच सही मागा. क्रेन परत गेली की ठेकेदार फोन उचलत नाही.