निकोटीनची तल्लफ
निकोटीनची तल्लफ म्हणजे धूम्रपान सोडल्यानंतर विडी वा सिगारेट ओढण्याची होणारी तीव्र इच्छा होय. निकोटीनमुळे मेंदूत डोपामिन स्रवते व मेंदूला त्याची सवय होते. सेवन थांबताच चिडचिड, अस्वस्थता व एकाग्रतेचा अभाव जाणवतो. ही लक्षणे पहिल्या आठवड्यात सर्वाधिक तीव्र असतात आणि साधारणतः २ ते ४ आठवड्यांत ओसरतात. चहा, जेवण, मद्यपान किंवा ताण यांसारख्या प्रसंगी तल्लफ त्यानंतरही उद्भवू शकते.

उपाय
एक तल्लफ सहसा काही मिनिटेच टिकते. त्यामुळे तेवढा वेळ निभावून नेण्यासाठी पाणी पिणे, दीर्घ श्वसन करणे किंवा चालणे उपयुक्त ठरते. निकोटीनयुक्त च्युइंगम व त्वचेवर लावायच्या पट्ट्या तल्लफेची तीव्रता कमी करतात. भारतात १८००-११-२३५६ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर २०१६ पासून समुपदेशन मिळते.