गळालेल्या मोत्यांपासून ‘क्राइम’पर्यंत

जानेवारी 1761. पानिपताहून औरंगाबादकडे निघालेला सावकारांचा जासूद वाटेत नानासाहेब पेशव्यांच्या लोकांच्या हाती लागला. त्याच्याजवळच्या पत्रात लढाईचे नावही नव्हते. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, चांदी-तांब्याची तर मोजदादच नाही, असा तो हिशेब. पत्र पेशव्यांसाठी नव्हते, तरी विश्वासराव आणि भाऊसाहेब गेल्याचे त्यांना उमगले. मजकूर आटोपशीर होता, झाकलेलाही होता. पण वाचणाऱ्याला अर्धी गोष्ट आधीच ठाऊक होती.

संगणकात ही दोन कामे, मजकूर आवळणे (कॉम्प्रेशन) आणि झाकणे (एन्क्रिप्शन), वेगळ्या घराण्यांतून आली. याकोब झिव आणि अब्राहम लेम्पेल यांनी 1977 साली कॉम्प्रेशनची युक्ती मांडली: आधी येऊन गेलेला मजकूर पुन्हा लिहायचा नाही, ‘इतके मागे जा, इतकी अक्षरे उचल’ एवढीच खूण ठेवायची. एन्क्रिप्शन अक्षरे लपवते, लांबी लपवत नाही. शिवाय कूट मजकुरात पुनरावृत्ती उरत नाही, तो आवळता येत नाही. म्हणून आधी आवळायचे, मग कुलूप लावायचे, असा रिवाज पडला.

वर्म नेमके तिथेच होते.

समजा, मंगळवेढ्यातल्या एका धान्य-व्यापाऱ्याचा ब्राउझर बँकेला दर वेळी एक गुप्त खूण पाठवतो. खरी खूण अगम्य अक्षरांची असते; इथे सोयीसाठी, तिथल्या ज्वारीच्या नावाने, ‘खूण=मालदांडी’ मानू. हल्लेखोर त्याच ब्राउझरकडून त्याच विनंतीत ‘खूण=का’ घुसवतो, मग ‘खूण=मा’. दुसऱ्या वेळी जुळणारा तुकडा लांबतो आणि बाहेर पडणारे पाकीट किंचित आखूड होते. पहिले अक्षर हाती आले! पुढे ‘माल’, मग ‘मालदां’. कुलपाला कुणी हातही लावत नाही.

जॉन केल्सी यांनी 2002 मध्येच हा धोका लिहून ठेवला होता; फारसे कुणी मनावर घेतले नाही. 2012 मध्ये हुलियानो रिझो आणि थाई दुआँग यांनी ब्युनोस आयर्समधल्या परिषदेत ‘क्राइम’ हा हल्ला प्रत्यक्ष करून दाखवला, तेव्हा ब्राउझरवाल्यांनी सुरक्षित जोडणीतले कॉम्प्रेशन बंद केले. सुरक्षित जोडणीच्या नियमावलीच्या 2018 च्या आवृत्तीत, टीएलएस 1.3 मध्ये, तर त्याला जागाच उरली नाही.

पण 2013 मध्ये ‘ब्रीच’ या हल्ल्याने सर्व्हरकडून येणाऱ्या पानांचे कॉम्प्रेशन गाठले. ते बंद करणे परवडणारे नव्हते, पाने भलतीच फुगली असती. तेव्हा पानातल्या गुप्त खुणेवर दर वेळी नवा यादृच्छिक मुखवटा चढवण्याची पद्धत आली: खूण तीच, पण कोणतीही दोन पाने सारखी दिसत नाहीत, आणि अंदाज जुळवायला काही सापडत नाही.