अंबराची पारख: एका गंधाचे नाव, द्रव्य आणि परीक्षा

2021 साली सुगंधांच्या वर्गीकरणासाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या मायकेल एडवर्ड्स यांनी आपल्या गंधचक्रातून ‘ओरिएंटल’ हे नाव काढले आणि त्या जागी ‘अंबर’ हा शब्द योजला. ऊद, व्हॅनिला, लवंग, दालचिनी, कस्तुरी यांच्या उबदार, जड मिश्रणांना पाश्चात्त्य व्यापार शतकभर ‘पौर्वात्य’ म्हणत आला होता. पूर्वेकडच्या माणसांना त्या नावात कौतुकापेक्षा काल्पनिक विलासाचे चित्रच अधिक दिसे. 1977 साली ‘ओपियम’ या नावाने बाजारात आलेल्या अत्तराविरुद्ध अमेरिकेतील चिनी वंशाच्या नागरिकांनी निदर्शने केली होती, ती याच कारणाने. तेच ‘ओपियम’ आता ‘मसालेदार अंबर’ या कुळाचे अभिजात उदाहरण म्हणून सांगितले जाते.

नाव बदलले हे चांगले झाले. परंतु नवे नावही काही सरळ नाही. ‘अंबर’ म्हणताच किमान तीन वेगळे पदार्थ डोळ्यांपुढे येतात. पहिला तृणमणी, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचा अश्मीभूत चीक. घासल्यावर गवताची काडी ओढणारा म्हणून त्याला आपल्याकडे हे नाव मिळाले आणि याच गुणामुळे त्याच्या ग्रीक नावावरून विजेला ‘इलेक्ट्रिसिटी’ हे नाव पडले. त्याला अत्तरात फारसे स्थान नाही. (जयपूरजवळच्या आमेर किल्ल्याचे इंग्रजी नावही याच अक्षरांनी लिहितात, त्याचाही गंधाशी संबंध नाही.) दुसरा पदार्थ समुद्रातला अंबर, अरबी ‘अंबर’वरून आलेला, स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा. तिसरा पदार्थ निसर्गात कोठेच सापडत नाही, कारण तो अत्तरकारांनी रचलेला एक गंधमेळ आहे. आजच्या बाटलीवर ‘अंबर’ लिहिलेले असते ते बहुधा या तिसऱ्या अर्थाने.

हा गोंधळ केवळ शब्दांचा असता तर सोडून देता आला असता. कोकण किनाऱ्यावर मात्र त्याची किंमत मोजावी लागते. ‘व्हेल माशाची उलटी’ कोट्यवधी रुपयांना विकायला निघालेले लोक पकडले गेल्याची बातमी वर्तमानपत्रांत वारंवार येते. त्या तीन शब्दांत दोन चुका आहेत. व्हेल हा मासा नव्हे, सस्तन प्राणी आहे. आणि हा पदार्थ उलटीही नसावी. माकूळजातीय प्राण्यांच्या टणक, न पचलेल्या चोचींभोवती आतड्यात तो साचत जातो आणि विष्ठेच्या वाटेने किंवा प्राणी मेल्यावर बाहेर पडतो, असे बहुतेक अभ्यासक मानतात. स्पर्म व्हेलला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 चे संरक्षण आहे आणि त्याच्या अंबराचा व्यापार भारतात गुन्हा ठरतो. वास्तविक अत्तराच्या धंद्याला या पदार्थाची पूर्वीसारखी गरजही उरलेली नाही.

ती गरज संपवली रसायनशास्त्राने. अंबराचा मुख्य घटक अँब्रेन हा स्वतः जवळजवळ निर्गंध असतो. समुद्रावर तरंगताना ऊन, हवा आणि खारे पाणी यांच्या संयोगाने त्याचे ऑक्सिडेशन होते, रेणू तुटतो आणि त्या तुकड्यांतून तो कोमल, खारट, लाकडासारखा वास निर्माण होतो. 1946 मध्ये झुरिचच्या लिओपोल्ड रुझिका यांच्या प्रयोगशाळेत अँब्रेनची रचना उलगडली. याच रुझिकांनी त्यापूर्वी कस्तुरीतील मस्कोनचे 15 कार्बनचे वलय दाखवून रसायनज्ञांना चकित केले होते. 1950 मध्ये हिंडर आणि स्टॉल यांनी क्लेरी सेज या वनस्पतीतील स्क्लेरिओलपासून अंबरगंधी अँब्रॉक्साइड बनवून दाखवले. शेतात उगवणाऱ्या झुडपाने व्हेलचे काम हाती घेतले ते असे.

रचलेल्या अंबराचे घटक मराठी घराला परके नाहीत. त्याचा पाया तीन गोष्टींचा असतो: भूमध्य प्रदेशातील लॅब्डॅनम हा चिकट चीक, व्हॅनिलिन आणि बेंझॉइन. व्हॅनिलिन कृत्रिम रीतीने बनवण्याचा मार्ग जर्मनीत टीमान आणि हारमान यांनी 1874 मध्ये शोधला. बेंझॉइन म्हणजे मराठीतला ऊद, ज्याचे नाव उदबत्तीत रोज उच्चारले जाते. अरबीत ‘ऊद’ म्हणजे अगरूचे लाकूड. मराठीत येताना शब्द एका धूपद्रव्यावरून दुसऱ्यावर सरकला. याच बेंझॉइनपासून बेंझोइक आम्ल आणि त्यावरून पुढे ‘बेंझीन’ हे नाव आले. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील सर्वांत प्रसिद्ध षट्कोनाला देवघरातल्या धुराचा असा स्पर्श आहे. या पायावर लवंगेतील युजेनॉल आणि दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड चढवले की अंबर मसालेदार होतो.

असा गंध चांगला की सामान्य, हे ठरवायचे कसे? अत्तराच्या दुकानात कागदाची पट्टी नाकाशी धरून क्षणात निकाल देण्याची रीत आहे. मसालेदार अंबराच्या बाबतीत ती अन्यायाची आहे. पहिल्या काही मिनिटांत नाकाला भेटतात ते मद्यार्क आणि लिंबूवर्गीय तेले. त्यांतील लिमोनीन 176 अंशांना उकळते, व्हॅनिलिन 285 अंशांना. दोघांच्या रेणूंच्या वजनात फारसा फरक नाही (136 आणि 152), पण व्हॅनिलिनचे रेणू एकमेकांना अधिक घट्ट धरून राहतात. म्हणून लिंबू उडून जाते, मसाला तासभर रेंगाळतो आणि ऊद-व्हॅनिलाचा पाया संध्याकाळपर्यंत टिकतो. त्यातच एकाच वासाला नाक काही मिनिटांत सरावते आणि लावणाऱ्याला वाटते, अत्तर उडाले. ते शेजारच्याला मात्र येत असते. कागदाला ऊब नसते, त्वचेला असते. पुण्याच्या जानेवारीत मऊ शालीसारखा वाटणारा अंबर नागपूरच्या मे महिन्यात डोके उठवतो, कारण तापमानाबरोबर बाष्पदाब झपाट्याने वाढतो.

ही जाणीव आधुनिक नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोशात घ्यावयाच्या मौल्यवान वस्तूंची परीक्षा सांगताना चंदनाचे 11 गुण दिले आहेत. मुंबई विद्यापीठासाठी रा. पं. कंगले यांनी सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीमुळे ते आज सहज वाचता येतात. त्यांतील काही शब्द असे: ‘त्वगनुसारि’, म्हणजे त्वचेत भिनणारे, ‘अनुल्बण’, म्हणजे अंगावर न येणारे, ‘उष्णसह’, उष्णता सोसणारे, ‘अविरागि’, न विटणारे. हा कोठाराच्या अधिकाऱ्यासाठी लिहिलेला तांत्रिक मजकूर आहे, काव्य नव्हे. आणि त्यात वासाच्या सुखाचा उल्लेख 11 पैकी एकाच गुणात येतो. बाकीचे बहुतेक द्रव्य अंगाला लागल्यावर काय करते याविषयी आहेत. आजच्या सुगंध-समीक्षकाला याहून नेमका तक्ता देणे अवघड जाईल. आयुर्वेदानेही ऋतू पाहिला: वाग्भट हेमंतात कस्तुरी, केशर आणि अगरूचा धूप सांगतो, उन्हाळ्यात चंदन. जड, उबदार गंध थंडीतच लावावेत हा आजचा सल्ला त्या ऋतुचर्येत आधीच आहे.

सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेच्या गंधयुक्तीच्या अध्यायात याला गणित जोडले. 16 द्रव्यांतून 4 निवडण्याच्या 1820 रीती त्याने अचूक दिल्या. त्यांना 96 ने गुणून त्याने 1,74,720 गंध मोजले. आजच्या हिशेबाने चार द्रव्यांना एक, दोन, तीन, चार असे भाग वाटण्याच्या रीती 24 च होतात आणि उत्तर 43,680 येते. तीच वाटणी चारदा मोजली गेली असावी. तरीही अत्तराच्या निमित्ताने लिहिलेले संयोगशास्त्राचे हे पान विद्यार्थ्यांनी एकदा तरी सोडवून पाहावे.

बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने मानसोल्लासात विलेपन आणि धूप यांना राजाच्या उपभोगांत स्वतंत्र प्रकरणे दिली. पण मराठी वाचकासाठी सर्वांत मोलाचा दुवा त्यानंतरचा आहे. देवरुखला 1891 साली जन्मलेले परशुराम कृष्ण गोडे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे दीर्घकाळ अभिरक्षक होते. राजे आणि लढाया यांच्यापेक्षा पदार्थांचा इतिहास त्यांना अधिक खुणावत असे. 1945 च्या सुमारास त्यांनी दोन जवळजवळ विसरलेल्या ग्रंथांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले: गंगाधराचा ‘गंधसार’ आणि अज्ञात कर्त्याचा ‘गंधवाद’. दुसऱ्या ग्रंथाला मराठी टीका आहे. सुगंधनिर्मितीचे संस्कृत पाठ समजावण्यासाठी कोणीतरी मराठीचा आधार घेतला, याचा अर्थ ते ज्ञान केवळ पंडितांच्या पोथीत बसलेले नव्हते.

गंधसारात सहा कर्मे सांगितली आहेत: भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. चूर्णाला द्रवाची पुटे देणे, ते शिजवणे, मंदावलेला वास जागवणे, तीव्र द्रव्याच्या अल्प मात्रेने मिश्रण ‘भेदणे’, धुरी देणे, फुलांच्या सहवासात ठेवणे. रसायनशास्त्राच्या डोळ्यांनी पाहिले तर वासनात फुलांचे बाष्पशील रेणू दुसऱ्या द्रव्यात शोषले जातात, धूपनात राळेचे जड घटक मिश्रणावर जमतात आणि हलक्यांना उडण्यापासून थोपवतात. अत्तरकार ज्याला आज स्थिरक म्हणतो ते काम येथे ऊद, शिलारस आणि राळ करीत. अंबराचा पाया नेमका हाच आहे.

रामकृष्ण तुळजाराम व्यास यांनी संपादित केलेले हे दोन्ही ग्रंथ मराठी टीकेसह 1989 मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. त्यांतील पाठ प्रयोगशाळेत करून पाहायचे तर जुनी मराठी वाचणारा, वनस्पती ओळखणारा आणि वायुवर्णलेखन जाणणारा अशी तीन माणसे एका टेबलाशी बसावी लागतील. पहिला प्रश्न द्रव्यांच्या नावांचाच निघेल. ‘नख’ म्हणजे सागरी गोगलगायीच्या शिंपल्यावरचे झाकण. पण कोणत्या जातीचे? आणि ‘ऊद’ हा शब्द जिथे भेटेल तिथे अगरू समजायचा की बेंझॉइन?