अनोळखी व्यक्तीचा कायदेविषयक सल्ला आणि नुकसानीची जबाबदारी

महाजालावर विचारलेल्या कायदेविषयक प्रश्नाला अनोळखी व्यक्तीकडून उत्तर मिळते, ते प्रमाण मानून पुढील पाऊल उचलले जाते आणि काही महिन्यांनी ते उत्तर चुकीचे असल्याचे उघडकीस येते. अशा वेळी नुकसानभरपाई कोणाकडे मागावयाची, यासंबंधी भारतीय कायद्यात स्वतंत्र तरतूद नाही. करार, अपकृत्य, अधिवक्ते आणि माहिती तंत्रज्ञान यांविषयीच्या निरनिराळ्या कायद्यांत या प्रश्नाचे उत्तर विखुरलेले असून बहुतेक प्रसंगी ते सल्ला घेणाऱ्याच्या विरुद्ध जाते.

न वटलेल्या धनादेशाचे उदाहरण घेता येईल. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ अन्वये, धनादेश परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत देणेकऱ्यास लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर रक्कम देण्यास त्याला १५ दिवसांचा अवधी असतो आणि तो संपल्यानंतर एका महिन्याच्या आत तक्रार दाखल करावयाची असते. "तीन वर्षांची मुदत आहे, घाई नको" असे कोणी सांगितल्यास ते सर्वस्वी असत्य नसते; रकमेच्या वसुलीसाठी दिवाणी दावा करण्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांचीच आहे. परंतु फौजदारी तक्रारीचा मार्ग तोपर्यंत बंद झालेला असतो. धनादेशाची तीन महिन्यांची वैधता शिल्लक असल्यास तो पुन्हा बँकेत भरून, तो पुन्हा परत आल्यास नव्याने नोटीस देता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले. वैधता संपल्यावर हा उपायही उरत नाही. असा अर्धा बरोबर सल्ला उघड चुकीच्या सल्ल्यापेक्षा अधिक घातक ठरतो, कारण त्याविषयी संशय घेण्यास कारणच दिसत नाही.

कराराच्या आधारे येथे फारसे काही साधत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार मोबदल्याविना केलेला करार, काही अपवाद वगळता, शून्यवत असतो. विनामूल्य उत्तर देणाऱ्याने करार मोडला असे म्हणता येत नाही.

राहता राहिला अपकृत्याचा, म्हणजे निष्काळजीपणामुळे झालेल्या हानीचा मार्ग. भारतात हा कायदा बव्हंशी संहिताबद्ध नसून न्यायालये इंग्लंडमधील निवाड्यांचाही आधार घेतात. त्यांपैकी हेडली बर्न या जाहिरात संस्थेचा १९६३ चा खटला मूलभूत मानला जातो. एका ग्राहक कंपनीच्या पतीविषयी बँकेने दिलेल्या अनुकूल अभिप्रायावर विसंबून या संस्थेने सुमारे १७ हजार पौंड गमावले. विशेष ज्ञान असलेल्या व्यक्तीने, समोरचा आपल्यावर विसंबून आहे हे जाणून सल्ला दिला, तर करार नसतानाही दक्षतेचे कर्तव्य निर्माण होऊ शकते, असे हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितले. तरीही बँक सुटली, कारण आपण कोणतीही जबाबदारी घेत नसल्याचे तिने अभिप्रायासोबतच कळविले होते. अनेक संकेतस्थळांच्या तळाशी बारीक अक्षरांत आढळणाऱ्या "हा कायदेविषयक सल्ला नव्हे" या वाक्याचे प्रयोजन यावरून ध्यानात यावे.

विनामूल्य सल्ला देणारा नेहमीच सुटतो असेही नाही. १९८८ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने, जुनी मोटार निवडून देणाऱ्या मित्राला भरपाई देण्यास जबाबदार धरले. मोटारीचे बॉनेट दुरुस्त केलेले त्याला दिसले होते, तरी त्याने अधिक चौकशी केली नव्हती. मात्र त्या प्रकरणात दक्षतेचे कर्तव्य प्रतिवादीच्या बाजूने मान्यच करण्यात आले होते, आणि दोघांची ओळख होती. टोपणनावाने दोन ओळी लिहिणाऱ्याला हा न्याय लावणे अवघड आहे. शिवाय योग्य सल्ला मिळाला असता तर आपले प्रकरण यशस्वी होण्याची शक्यता होती, हेही दावेदारालाच दाखवावे लागते.

सल्ला देणारा नोंदणीकृत अधिवक्ता असल्यास परिस्थिती काहीशी बदलते. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार राज्याच्या वकील परिषदेकडे, महाराष्ट्र व गोव्यातील अधिवक्त्यांबाबत त्या दोन राज्यांच्या सामाईक परिषदेकडे, करता येते. ताकीद, निलंबन वा नाव कमी करणे अशा शिक्षा आहेत; पण प्रामाणिक चूक म्हणजे गैरवर्तन नव्हे. ग्राहक आयोगाचे दार मात्र बंद आहे. अधिवक्त्यांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला. योगायोग असा की, त्या वादाचे मूळही एका न वटलेल्या धनादेशातच होते. सशुल्क सल्ला घेतलेल्या अशिलाला दिवाणी न्यायालयात दाद मागता येते. विनामूल्य सेवा तर ग्राहक कायद्यातून मुळातच वगळलेली आहे.

अधिवक्ता नसलेल्यांचे काय? सल्ला देणे आणि मसुदे तयार करणे हाही वकिली व्यवसायाचाच भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये म्हटले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते मान्य केले. तथापि सहा महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद करणारे कलम ४५ न्यायालयात अथवा प्राधिकाऱ्यासमोर अनधिकृतपणे वकिली करणाऱ्यांना उद्देशून आहे. सहज दिलेल्या उत्तराला ते लागू करणे कठीण. स्वतःला खोटेच वकील म्हणवून कोणी पैसे उकळले, तर भारतीय न्याय संहितेतील तोतयेगिरीचे कलम ३१९ लागू होऊ शकते.

संकेतस्थळाच्या चालकांना माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ७९ मध्यस्थ म्हणून संरक्षण देते. लेखकाचे खरे नाव मिळविण्यासाठी बहुधा न्यायालयाच्या आदेशाची गरज पडते. अज्ञात प्रतिवादीला भारतीय न्यायालये 'अशोक कुमार' या नावाने संबोधतात; पण नुकसान काही हजारांचे असता या अशोक कुमारांचा शोध कोण घेणार?

विलंबाच्या बाबतीत हा भेद अधिक बोचरा होतो. मुदतीच्या कायद्याचे कलम ५ पुरेसे कारण दाखविल्यास अपील वा अर्जाचा विलंब माफ करण्याची मुभा देते. विधिज्ञाचा चुकीचा सल्ला परिस्थितीनुसार असे कारण ठरू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने हावडा नगरपालिकेच्या १९७२ च्या प्रकरणात म्हटले होते. 'कोणा अनोळखी माणसाने सांगितले' या सबबीला तसा आधार नाही. आणि धनादेशाच्या नोटिशीचे ३० दिवस तर वकिलाच्या चुकीमुळे गेले तरी वाढवून मिळत नाहीत.

आणखी एक बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. अधिवक्त्याशी व्यावसायिक नात्याने झालेला संवाद भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ नुसार गोपनीय राहतो. अनोळखी व्यक्तीला लिहून कळविलेली हकीकत मात्र प्रतिपक्ष पुरावा म्हणून न्यायालयासमोर ठेवू शकतो.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, औद्योगिक कामगार, अपंग आणि कोठडीतील व्यक्ती यांना मोफत कायदेविषयक साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा राज्यागणिक वेगळी आहे. जिल्हा न्यायालयांच्या आवारात या प्राधिकरणाची कार्यालये असतात. राष्ट्रीय मदत क्रमांक १५१०० असा आहे.