दूरदर्शन संचापासून मॉनिटरपर्यंत
स्वस्त घरगुती संगणकाच्या पडद्याची कहाणी

एखाद्या शाळेत जुना, साधा संगणक असतो. कोणीतरी हितचिंतक शाळेला चांगला मॉनिटर भेट देतो. सर आणि मुले उत्साहाने जोडणी करतात, बटण दाबतात आणि पाहतात तो काय, अक्षरे होती तशीच पुसट! मग कोणी मॉनिटरला दोष देतो, कोणी संगणकाला. खरा दोष पुष्कळदा या दोहोंच्या मधल्या वाटेत असतो. ही अडचण आजची नाही. घरगुती संगणक जन्माला आले तेव्हापासून ती त्यांच्या पाठीशी आहे. तिचा इतिहास पाहिला, तर थोडे भौतिकशास्त्र आणि थोडा व्यवहार दोन्ही एकदमच शिकायला मिळतात.

पडदा आधीच घरात होता

१९७० च्या दशकात छंद म्हणून संगणक जोडणाऱ्यांपुढे मोठा प्रश्न होता तो पडद्याचा. अमेरिकेत डॉन लँकेस्टर यांनी १९७३ साली ‘रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकात ‘टीव्ही टाइपरायटर’ नावाचे यंत्र मांडले. कळफलकावर टंकलेली अक्षरे या यंत्राने घरच्या दूरदर्शन संचावर उमटत. कल्पना साधी, पण दूरगामी होती. पडदा विकत घ्यायची गरजच नाही, तो घरात आहेच! संगणकाच्या किमतीतला मोठा वाटा यामुळे एका फटक्यात वाचला.

या कल्पनेचा पुरेपूर फायदा घेतला तो ब्रिटनमधील क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी. त्यांच्या कंपनीचा ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ हा संगणक एप्रिल १९८२ मध्ये बाजारात आला. १६ किलोबाइट स्मृतीच्या संगणकाची किंमत होती १२५ पौंड आणि ४८ किलोबाइटच्या संगणकाची १७५ पौंड. त्याच सुमारास एकॉर्न कंपनीचा ‘बीबीसी मायक्रो’ हा संगणक ब्रिटिश शाळांत शिरत होता. डिसेंबर १९८१ मध्ये तो जाहीर झाला, तेव्हा त्याच्या ‘मॉडेल बी’ची किंमत ३३५ पौंड होती. दोन संगणकांच्या किमतींत एवढा फरक का? याचे काहीसे उत्तर पडद्याच्या हिशोबात सापडते.

स्मृतीचा हिशोब

स्पेक्ट्रमच्या पडद्यावर आडवे २५६ आणि उभे १९२ ठिपके मावत, म्हणजे एकूण ४९,१५२ ठिपके. प्रत्येक ठिपका ‘पेटलेला’ की ‘विझलेला’ एवढेच नोंदवायचे, तर प्रत्येकी १ बिट लागतो. ८ बिटांचा १ बाइट या हिशोबाने हे झाले ६,१४४ बाइट. आता प्रत्येक ठिपक्याला १६ छटांतून रंग निवडायची मुभा दिली, तर प्रत्येकी ४ बिट, म्हणजे २४,५७६ बाइट लागतील. स्वस्त स्पेक्ट्रमची सगळी स्मृतीच १६ किलोबाइट! मग युक्ती अशी काढली, की ८×८ ठिपक्यांच्या एकेका चौकोनाला मिळून एकच शाईचा रंग आणि एकच कागदाचा रंग द्यायचा. असे ३२×२४ म्हणजे ७६८ चौकोन होतात आणि प्रत्येकाला १ बाइट पुरतो. एकूण खर्च ६,९१२ बाइट.

दुसरीकडे बीबीसी मायक्रो एका ओळीत ८० अक्षरे दाखवू शके. त्या अवस्थेत ६४०×२५६ ठिपके लागत, म्हणजे २०,४८० बाइट. ३२ किलोबाइट स्मृतीपैकी २० किलोबाइट एकटा पडदाच खाऊन टाकी! पडदा हे संगणकाचे दिसणारे तोंड असले, तरी त्याची भूक आतल्या स्मृतीला भागवावी लागते, हे इथे ध्यानात येते.

ॲंटेनाच्या भोकातून

दूरदर्शन संचाला बाहेरून चित्र द्यायचे, तर त्या काळी बहुतेक संचांना एकच दार होते, ते म्हणजे ॲंटेनाची खाच. म्हणून संगणकाला स्वतःच एक चिमुकले प्रक्षेपण केंद्र व्हावे लागे. संगणकातला चित्रसंकेत उच्च वारंवारतेच्या वाहक तरंगावर चढवायचा. हे काम मॉड्युलेटर नावाची पत्र्याची छोटी डबी करी. संचातल्या ट्यूनरने तो तरंग पकडायचा आणि चित्रसंकेत पुन्हा उतरवून घ्यायचा. म्हणजे हातभर अंतरावर बसलेल्या माणसाला निरोप द्यायला आधी टपालात घालायचा आणि मग पोस्टमनची वाट पाहायची, असा हा प्रकार होता!

मग सरळ तारेने चित्रसंकेत आत का सोडला नाही? याला एक गंभीर कारण होते. त्या काळच्या अनेक दूरदर्शन संचांत आतला धातूचा सांगाडा थेट वीजपुरवठ्याला जोडलेला असे. अशा संचाच्या आतल्या मंडलाला संगणक तारेने जोडणे म्हणजे संगणकाला, आणि कळफलकावर बोटे ठेवणाऱ्या मुलालाही, विजेच्या धक्क्याच्या वाटेवर बसवणे. ॲंटेनाच्या खाचेत मात्र धारित्रे (कपॅसिटर) घालून वीजपुरवठा अलग ठेवलेला असे. त्यामुळे आडवळणाची ही वाट सुरक्षित होती.

भारतात आणखी एक पेच होता. स्पेक्ट्रमचा मॉड्युलेटर ब्रिटिश पद्धतीप्रमाणे यूएचएफ पट्ट्यात, ३६ क्रमांकाच्या वाहिनीवर चित्र पाठवी. आपल्याकडे दूरदर्शनचे प्रक्षेपण त्या वेळी व्हीएचएफ पट्ट्यांवर होत असे. परदेशातून हौसेने आणलेला संगणक जोडायचा, तर यूएचएफ ट्यूनर असलेला संच शोधावा लागे. पुढे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने स्पेक्ट्रमची परवानाधारक आवृत्ती भारतात आणली. शाळांत मात्र बीबीसी मायक्रो आला. १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या केंद्र सरकारच्या संगणक साक्षरता प्रकल्पातून तो सुमारे २५० शाळांत पोचला. आज निवृत्त झालेल्या काही शिक्षकांनी संगणकाचा पहिला धडा त्याच्यावरच गिरवला असेल.

पुसटपणाचे गणित

आता अक्षरे पुसट का दिसतात ते पाहू. आपल्या आणि ब्रिटनच्याही त्या काळच्या दूरदर्शन पद्धतीत चित्राच्या ६२५ रेषा सेकंदाला २५ वेळा काढल्या जात, म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेषा. एका रेषेला ६४ मायक्रोसेकंद मिळत आणि त्यांपैकी सुमारे ५२ मायक्रोसेकंदच प्रत्यक्ष चित्रासाठी असत. प्रक्षेपित चित्रसंकेतात साधारण ५ मेगाहर्ट्झपर्यंतच्याच वारंवारता मावत.

एक काळा आणि एक पांढरा ठिपका मिळून संकेताचे एक आवर्तन होते. म्हणून ५ मेगाहर्ट्झमध्ये दर मायक्रोसेकंदाला जास्तीत जास्त १० ठिपके वेगवेगळे ओळखता येतील. बीबीसी मायक्रो ८० अक्षरांच्या अवस्थेत दर मायक्रोसेकंदाला १६ ठिपके पाठवी. त्याचे ६४० ठिपके ४० मायक्रोसेकंदांत संपत आणि तेवढ्या वेळात दूरदर्शन संच फार तर ४०० ठिपके वेगळे दाखवू शके. म्हणजे ट्यूनर कितीही फिरवला, तरी ती अक्षरे नीट दिसणे शक्यच नव्हते. इथे मॉनिटर ही चैन नसून गरज होती.

स्पेक्ट्रमचे गणित वेगळे आहे. तो दर मायक्रोसेकंदाला ७ च ठिपके पाठवी, म्हणजे वारंवारता फार तर ३.५ मेगाहर्ट्झ. ती तर ५ च्या आत बसते! तरीही त्याच्या अक्षरांच्या कडांना इंद्रधनुष्यी झालर दिसे. ती का? कारण पाल पद्धतीत रंगाची माहिती ४.४३ मेगाहर्ट्झच्या उपवाहक तरंगावर बसवून त्याच तारेतून पाठवत. काळ्यापांढऱ्या बारीक रेघांची ३.५ मेगाहर्ट्झची वारंवारता या उपवाहकाच्या शेजारीच येते. संचातल्या मंडलाचा गोंधळ होतो आणि ते रेघांनाच रंग समजते. एकाच अरुंद बोळातून बैलगाड्या आणि सायकली एकदम सोडल्यावर जे होते, तेच इथे घडते.

सुधारणेच्या तीन पायऱ्या

पहिली पायरी म्हणजे मॉड्युलेटर वगळणे. सुट्या तारेने संमिश्र चित्रसंकेत घेणारे मॉनिटर मिळू लागले, तेव्हा हौशी लोकांनी स्पेक्ट्रम उघडून मॉड्युलेटरच्या डबीत येणारी चित्राची तार आतल्या मंडलापासून सोडवली आणि सरळ बाहेरच्या खाचेला जोडली. खर्च जवळजवळ शून्य. चित्र स्थिर झाले, ट्यूनर जुळवण्याची कटकट गेली. झालर मात्र पूर्ण गेली नाही, कारण रंग आणि उजेड अजून एकाच तारेत होते.

यात एक मौज लक्षात घेण्याजोगी आहे. रंग समजूनच न घेणारा एकरंगी मॉनिटर जोडला, तर अक्षरे अधिक नेटकी दिसत. बीबीसी मायक्रोच्या निर्मात्यांनी हे ओळखले होते. त्यांनी संमिश्र चित्रसंकेतात रंग मुळात घातलाच नाही. ज्याला हवा त्याने फलकावरचा एक छोटा दुवा जोडून घ्यावा, अशी सोय ठेवली. ८० अक्षरांचा मजकूर वाचणाऱ्याला रंगाचा उपवाहक हा केवळ अडथळाच असतो, एवढा साधा विचार त्यामागे होता.

दुसरी पायरी म्हणजे लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही रंगांना स्वतंत्र तारा देणे. बीबीसी मायक्रोला अशी खाच पहिल्यापासून होती आणि मायक्रोव्हिटेक कंपनीचे ‘कब’ मॉनिटर ब्रिटिश शाळांत त्याला सर्रास जोडलेले असत. स्पेक्ट्रमच्या मुख्य चकतीतून मात्र हे तीन रंग बाहेर येतच नसत. तिथे उजेडाचा एक आणि रंगफरकाचे दोन संकेत मिळत. त्यातून तीन रंग परत मिळवायला वेगळे मंडल बांधावे लागे. स्वस्ताईसाठी जे दार बांधलेच नव्हते, ते नंतर भिंत फोडून करणे महाग पडते. १९८५ मध्ये स्पेनमध्ये आणि १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये आलेल्या ‘स्पेक्ट्रम १२८’ला ही खाच अखेर मिळाली. त्याआधी १९८४ मध्ये सिंक्लेअरचाच ‘क्यूएल’ संगणक आला होता. तो सुरू केला की पहिला प्रश्न विचारी, ‘मॉनिटर की दूरदर्शन संच?’ उत्तराप्रमाणे तो अक्षरे लहान किंवा मोठी काढी. आपल्या पडद्याची मर्यादा आधी विचारून घेणारा असा संगणक विरळाच!

एवढा खटाटोप करून स्पेक्ट्रमवाल्याच्या पदरात काय पडले? ठिपके तर २५६ च राहिले. फायदा वेगळा होता. स्पेक्ट्रम एका ओळीत ३२ च अक्षरे दाखवी. ‘टासवर्ड टू’ या शब्दलेखन प्रणालीने ८ ऐवजी ४ ठिपक्यांच्या रुंदीत अक्षर बसवून ६४ अक्षरे मिळवली. अशा अक्षरांच्या उभ्या रेघा एकाआड एक ठिपक्यावर येतात, म्हणजे नेमकी तीच ३.५ मेगाहर्ट्झची अडचणीची वारंवारता! रंगीत दूरदर्शन संचावर ती अक्षरे डोळे ताणून वाचावी लागत, चांगल्या मॉनिटरवर सहज वाचता येत. खेळ खेळणाऱ्याला या सुधारणेची फारशी गरज नव्हती. पत्र किंवा निबंध लिहिणाऱ्याला मात्र होती.

तिसऱ्या पायरीचा प्रश्न १९८७ नंतर उभा राहिला. त्या वर्षी आयबीएमने व्हीजीए पद्धत आणली. तिचे मॉनिटर सेकंदाला सुमारे ३१,५०० रेषा काढत, म्हणजे दूरदर्शनच्या दुप्पट. ते पुढे स्वस्त झाले आणि सर्वत्र पसरले. पण त्याच वर्षी आलेला ‘अमिगा ५००’सारखा घरगुती संगणक अजून १५,६२५ रेषांवरच चालत होता. त्याला व्हीजीए मॉनिटर जोडला, तर चित्र जमतच नसे. यावरचा उपाय सुरेख आहे. आलेली प्रत्येक रेषा छोट्या स्मृतीत साठवायची आणि दुप्पट वेगाने दोनदा वाचायची. ६४ मायक्रोसेकंदांची एक रेषा ३२ मायक्रोसेकंदांच्या दोन रेषा होते आणि सेकंदाला ३१,२५० रेषा मिळतात. १९९० च्या ‘अमिगा ३०००’मध्ये ही सोय आतच होती, साध्या अमिगासाठी मात्र वेगळे साधन घ्यावे लागे. उलट बाजूने, एकाहून अधिक वेगांशी जुळवून घेणारे एनईसीचे ‘मल्टिसिंक’ मॉनिटरही निघाले होते. जुळवून कोणी घ्यायचे, संगणकाने की मॉनिटरने, एवढाच काय तो प्रश्न होता.

वर्गासाठी

हा सगळा इतिहास सांगण्याचे कारण काय? साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकी असते, हे आपण मुलांना सांगतो. इथे ती कडी मोजून दाखवता येते. पडद्याची स्मृती, ठिपक्यांचा वेग, तारेची क्षमता आणि मॉनिटरचा रेषावेग या चार आकड्यांत सर्वांत लहान पडणारा आकडा शोधायचा. सुधारणा तिथेच करायची. बाकी ठिकाणी केलेला खर्च वाया जातो.

आजही शाळेत नवा प्रक्षेपक येतो. त्याचे स्वतःचे ठिपके १०२४×७६८ असतात आणि संगणक १९२०×१०८० चे चित्र पाठवतो. अक्षरे धूसर दिसली, की नव्या संगणकाची मागणी पुढे येते. अशा वेळी वर्गातल्या मुलांनाच कागद-पेन्सिल द्यावी. एका आड एक काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या उभ्या रेघांचे चित्र तयार करून पडद्यावर दाखवावे, आणि रेघा वेगळ्या दिसतात की करड्या होतात ते मुलांनी पाहावे. मग कोणती कडी कच्ची, याचा हिशोब त्यांनीच मांडावा. शाळेचे चार पैसे वाचतील ते वेगळेच, पण खरेदीच्या आधी मोजमाप करायची सवय मुलांना लागली, तर तो लाभ त्याहून मोठा ठरेल.